हेर सर

दवाखान्यातल्या फॉर्मवर नाव, वय, नागरिकत्व असं सगळं भरून झालं आणि 'व्यवसाय' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. शेजारी चाचा उभे होते. चाचा म्हणजे सरांचे घरमालक. मंडईमागच्या गल्लीत त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे आणि दुकानावर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत सरांनी अर्धंअधिक आयुष्य काढलं आणि त्यातल्याच एका खोलीत त्या सकाळी ते पडले आणि गेले.

"काय लिहू?" मी विचारलं.

"शिक्षक लिही. तेच तर होते."

मी शिक्षक लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला, पुन्हा एकदा नागरिकत्व वाचलं आणि म्हणाल्या, "जर्मनीचे शिक्षक पुण्यात काय करत होते?"

"पुणेकरांना शिकवत होते," चाचा म्हणाले. "कुणीतरी शिकवायला पाहिजे ना."

तिथं लिहिलेलं खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. ज्या माणसाचा देह आम्ही खाली शववाहिकेपर्यंत नेणार होतो तो कधीकाळी त्याच्या देशातला नावाजलेला रॉक गायक होता. दहा वर्षं त्यानं मोठमोठी सभागृहं भरवली होती. पुण्यात ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं तीनच. एक मी, दुसरे चाचा आणि तिसरे खुद्द सर. त्यातल्या तिसऱ्याला ती मान्य नव्हती.

आम्ही त्यांना 'हेर सर' म्हणायचो. त्यांच्या भाषेत पुरुषाच्या नावाआधी 'हेर' लावतात, आपल्या 'श्री'सारखं. नुसतं हेर म्हणणं पुण्यातल्या मुलांना उद्धट वाटलं असणार, म्हणून कुणीतरी पुढं सर जोडलं आणि ते तसंच राहिलं. मंडईतल्या भाजीवाल्यांना मात्र या शब्दाचा एकच अर्थ माहीत. सहा फूट उंची, पाठीवर पांढऱ्या केसांची शेपटी, भर मे महिन्यात गळ्याला मफलर आणि लोक त्याला हेर म्हणतात. एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणाचा हेर म्हणायचा गं हा?" मी ते सरांना सांगितलं. ते अजिबात हसले नाहीत. "त्यांना सांगा, मेथीचा," म्हणाले. ते रोज सकाळी मेथीच्या जुड्या नाकाशी धरून हुंगायचे आणि दहातली एक घ्यायचे.

मराठी ते इथंच शिकले, तेही चाचांच्या दुकानात बसून. त्यामुळे भाषेबरोबर गल्लीचा तिरकसपणाही आला. तासाला पाच मिनिटं उशीर झाला की दारातच म्हणायचे, "आपण उशिरा आलेला नाहीत. उद्याच्या तासाला फार लवकर आलात. जिन्यात बसा." आणि खरोखर जिन्यात बसवायचे. मी दोनदा बसले आहे. खाली चाचांचं कागद कापायचं यंत्र धडधडत असायचं. कॉलेजच्या मुलांच्या प्रबंधांच्या कडा ते सरळ करायचं आणि त्याच्या आवाजात वरचं काही ऐकू येत नसे.

इतर क्लासांत भाषा शिकवायला गाणी म्हणून घेतात. हेर सरांकडे गाण्याला बंदी होती. कुणाच्या वाढदिवसाचंसुद्धा गाणं म्हणायचं नाही. एक मुलगा एकदा दुसऱ्या क्लासहून परस्पर आला, खांद्याला गिटार. सरांनी त्याला ती खाली दुकानात ठेवून यायला लावली, चपला बाहेर काढायला लावतात तशी. पण वाचून घ्यायचे मोठ्यानं. जर्मन वर्तमानपत्रातली चार-चार ओळींची वाक्यं एका दमात. आमचा दम संपला की स्वतःच्या बरगड्यांच्या खाली तळवा टेकवून म्हणायचे, "इथून. गळ्याला त्रास देऊ नका, त्याचा काही दोष नाही. आवाज खाली, शब्द वर." व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला श्वासाबद्दल इतकं कसं कळतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो. मी तेव्हा एका पथकात होते. एका संध्याकाळी सर तिथं दिसले. हात मागे बांधून तासभर उभे होते. लोक कानावर हात ठेवून पुढं सरकत होते आणि हे आपले डोळे मिटून स्वस्थ. सराव थांबल्यावर ते आमच्या प्रमुखाकडे गेले. "मागच्या रांगेत डावीकडून चौथा ढोल," ते म्हणाले, "तो थकलेला नाही. घाबरलेला आहे. त्याला पुढे आणा." तिथं पहिल्याच वर्षी आलेली एक मुलगी होती. प्रमुखानं तिला पुढच्या रांगेत घेतलं आणि ती सुटलीच. प्रमुख म्हणाला, "सर, तुम्ही वाजवत होतात का कधी?"

"मी नाही. माझा एक मित्र वाजवायचा."

मित्राचा उल्लेख मी तेवढाच ऐकला होता.

पुढे मला खराडीत नोकरी लागली. आमची कंपनी जर्मन कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते आणि मी दोन्ही बाजूंच्या मधे उभी असते. तिकडचे काय म्हणाले ते इकडे सांगायचं, इकडचं तिकडे. सरांकडे मी तरीही दर शनिवारी जात राहिले. परीक्षा संपल्या होत्या, पण सवय सुटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर अचूक वाक्य बोलल्यावर ते जी मान हलवायचे, ती मान मला आठवडाभर पुरायची.

एकदा तिकडचा एक इंजिनिअर सहा आठवड्यांसाठी आला. पन्नाशीचा, बोलका. जेवताना त्यानं विचारलं, इतकं चांगलं जर्मन कुठं शिकलीस? मी कौतुकानं फोनवर क्लासचा ग्रुप फोटो दाखवला. त्यानं चमचा खाली ठेवला. फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला.

"माझ्या बहिणीच्या खोलीत याचं पोस्टर होतं," तो म्हणाला. "हा जिवंत आहे?"

तिथंच कँटीनमध्ये त्यानं मला फोनवर गाणं ऐकवलं. मागे ड्रमचा सावकाश, जड ठोका आणि त्यावर एक तरुण आवाज. खरखरीत, फाटायला आलेला आणि तरी एकही शब्द न सांडणारा. गाणं एका खाणकामगाराबद्दल होतं. छातीत कोळशाची धूळ घेऊन घरी येणारा, जेवताना बायकोमुलांसमोर खोकला दाबून धरणारा बाप. मी ते तीनदा ऐकलं. मग इंजिनिअर म्हणाला, "तिकडे सगळ्यांना वाटतं तो मेला. मी कळवू लोकांना? पत्ता देशील?" मी हो म्हटलं आणि पत्ताही दिला. ते 'हो' माझं नव्हतंच, ते सरांना विचारायला हवं होतं. पण त्या दुपारी मला फक्त अभिमान वाटत होता.

शनिवारी सरांसमोर माझ्याकडून ते लपलं नाही. "सर, मी तुमचं गाणं ऐकलं."

ते वही तपासत होते. लाल पेन तसंच चालू राहिलं. वही संपवून त्यांनी बाजूला ठेवली.

"तो माणूस निराळा होता. माझी त्याची ओळख आहे, पण आमचं जमत नाही."

मला वाटलं विषय संपला. पण ते उठले, दोघांसाठी चहा टाकला आणि पाठमोरे उभे राहून बोलू लागले. जर्मनमध्ये नाही, मराठीत. कदाचित मराठीत सांगणं त्यांना सोपं गेलं असेल.

एका खाणीच्या गावातली चार मुलं. ड्रम वाजवणारा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरच्या तळघरात, कोळशाच्या पोत्यांमध्ये ते सराव करायचे आणि मित्राची आई वरून बटाट्याची गरम धिरडी पाठवायची. गाण्यातला बाप त्या मित्राचा बाप. तो गेला त्या हिवाळ्यात दोघांनी मिळून ते गाणं केलं आणि त्याच गाण्यानं त्यांना सगळीकडे नेलं.

"पहिलं वर्ष मी ते गाताना रडायचो. पाचव्या वर्षी रडल्यासारखा आवाज काढता यायला लागला. दहाव्या वर्षी एका गावात पुढच्या रांगेत एक बाई हुंदके देत होत्या. मी त्यांच्याकडे बघत गात होतो आणि मनात काय होतं माहीत आहे? सकाळी दुकानात पाहिलेले बूट. माझ्या मापाचे मिळतील का, हा विचार." चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला. "मागे तो ड्रम वाजवत होता. त्याच्या बापाचं गाणं. आणि मी बूट घेत होतो. गाणं अर्धवट सोडलं, माइक खाली ठेवला, कोट मागितला आणि निघालो. पुढे आठ कार्यक्रम ठरलेले होते. मी त्याला तोंड दाखवलं नाही. त्याचं सगळं मोडून आलो मी."

"त्यांना सांगितलंत का, बुटांचं?"

"हे कसं सांगणार?"

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी चाचांच्या दुकानात जर्मनीहून पत्र आलं. चाचांनी ते वर नेऊन दिलं. सरांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि न फोडता शब्दकोशाखाली ठेवून दिलं. पुढच्या महिन्यात दुसरं आलं, तेही तिथंच गेलं.

आणि मग एका शनिवारी सकाळी मी जिना चढत असताना सर मला जिन्यातच भेटले. चेहरा पांढरा पडलेला. खिडकीतून त्यांनी गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरणारा माणूस पाहिला होता.

"तो आलाय," ते म्हणाले. "तुम्ही खाली जा. त्याला सांगा मी पुणं सोडलं. कुठं गेलो, माहीत नाही म्हणा."

"सर, इतक्या लांबून आलेत ते."

"तुमचं जर्मन चांगलं आहे. त्याचा तुमच्यावर विश्वास बसेल."

हे त्यांनी माझं केलेलं पहिलं आणि शेवटचं कौतुक. ते वर गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मित्र दुकानात स्टुलावर बसला होता. आडव्या बांध्याचा, थकलेला, हातात काठी. दुसरा हात गुडघ्यावर सारखा थरथरत होता. चाचांनी त्याच्यासमोर चहा ठेवला होता आणि मागे त्यांचा कारागीर यंत्रावर कागद कापत होता. मी स्वतःची ओळख करून दिली आणि सांगितलं, सर इथं राहायचे, आता नाहीत. दक्षिणेकडे कुठंतरी गेले, पत्ता ठेवला नाही. माझं एकही वाक्य अडखळलं नाही.

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मग एकच विचारलं, "तो गातो का?"

"नाही," मी म्हणाले. त्या सकाळी मी बोललेलं तेवढंच खरं.

मग तो बोलत राहिला. त्याच्या गावच्या बोलीत, शब्द गिळत. यंत्राच्या आवाजामुळे मी पुढे वाकून ऐकत होते. त्याला वाटत असेल आम्ही बुडालो, तो म्हणाला. आम्ही बुडालो नाही. ते आठही कार्यक्रम आम्ही केले. मी गायलो. फार वाईट गायलो. लोक हसले, पण उठून गेले नाहीत. चौथ्या दिवशी बापाचं गाणं गाताना माझ्या लक्षात आलं की मी आईच्या बटाट्याच्या धिरड्यांचा विचार करतोय. बाप मनात नाहीच, धिरडी आहेत. तेव्हा मला कळलं तो का निघून गेला. एवढंच त्याला सांगायला आलो होतो. तुला कधी भेटला तर सांग.

मी सांगेन म्हटलं. त्यानं चहा संपवला, चाचांना हात जोडून नमस्कार केला आणि काठी टेकत गेला.

चाचा माझ्याकडे बघत होते. "बेटा, तू त्यांना काय सांगितलंस ते मला कळलं नाही," ते म्हणाले. "पण ते आले पाहुण्यासारखे आणि गेले परक्यासारखे."

मी धावतच वर गेले. सरांनी दार उघडलं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी हात वर केला. "नको. एक शब्दही नको." आणि टेबलाशी जाऊन बसले. "पान बेचाळीस."

मला राग आला. मी त्यांच्यासाठी एका म्हाताऱ्या आजारी माणसाच्या तोंडावर खोटं बोलले होते आणि हे मला पान उघडायला सांगत होते. मी पान उघडलं. तासभर वाचलं. त्यांना जे ऐकायची सगळ्यात जास्त गरज होती ते माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळून बसले. मनात म्हणाले, विचारतील तेव्हाच सांगेन. स्वतः विचारू देत.

त्यांनी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग कामाचा ताण वाढला, असं मी सांगायचे आणि तो वाढलाही होता. खराडीहून मंडई लांबही पडते. अशी कारणं मिळत गेली. एकदा चाचांचा फोन आला, साहेब तुझी चौकशी करतात. येते म्हणाले. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने.

मग एका दुपारी ऑफिसात त्या इंजिनिअरचा दोन ओळींचा निरोप आला. बँडचा ड्रमर गेल्या आठवड्यात वारला. तुझ्या सरांना कळवशील का?

मी तशीच उठले. स्वारगेटला उतरून मंडईपर्यंत चालत गेले. सर वह्या तपासत होते. बरेच वाळले होते. मला बघून म्हणाले, "आपण उशिरा आलेला नाहीत," आणि माझा चेहरा पाहून पुढचं बोलले नाहीत.

मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

खाली यंत्र बंद होतं.

"सर, ते इथं आले होते तेव्हा जे म्हणाले ते मला सांगायचंय."

या वेळी हात वर झाला नाही. मी सगळं सांगितलं. आठ कार्यक्रम, वाईट गाणं, हसलेले लोक, चौथा दिवस, धिरडी. गडबडीत मराठीतच सांगितलं. मी थांबल्यावर सर म्हणाले, "आता त्याचे शब्द सांगा."

मी जर्मनमध्ये सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर त्यांनी मान हलवली, पण ती नेहमीची मान नव्हती.

"हे तुमचं जर्मन आहे. मी शिकवलेलं. तो असं बोलत नसे. त्या धिरड्यांना आमच्या गावात वेगळा शब्द आहे. तो काय म्हणाला?"

मला आठवेना. मी अर्थ ठेवला होता आणि शब्द टाकून दिले होते. दिवसभर ऑफिसात तेच करते, त्याचाच मला पगार मिळतो.

"आठवा," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. तो स्टुलावर बसलेला दिसत होता, थरथरणारा हात दिसत होता, ओठ हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. दीड वर्षापूर्वी, त्याच सकाळी, जिना चढून आल्या आल्या हात बाजूला सारून मी बोलले असते तर तो शब्द माझ्याजवळ होता.

"नाही आठवत, सर."

"बरं." त्यांनी गळ्याचा मफलर सैल केला. "मग मराठीतच सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा सांगितलं. खाली चाचांनी दुकानाचा दिवा लावला, मंडईकडून परतणाऱ्या लोकांचे आवाज येऊ लागले आणि मी तीच चार-पाच वाक्यं सांगत होते. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं, मी एक वाक्य जास्तीचं सांगितलंय. 'मी त्याच्यावर रागावलेलो नाही, असंही ते म्हणाले.'

ते खरंच तसं म्हणाले होते का? मला आजही सांगता येत नाही. म्हणाले असतील आणि यंत्राच्या धडधडीत निसटलं असेल. किंवा त्यांनी ते म्हणायला हवं होतं असं मला वाटलं असेल.

सरांनी मला तिथंच थांबवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"एवढंच वाक्य," ते म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."

मी सांगितलं.